गुळाचा खडा

सोनई गावात आमच्या शेजारच्या काकूंकडे भाजीची वाटी पाठवली, तर ती कधी रिकामी परत येत नाही. काही नसलं तर तळाशी चिमूटभर साखर तरी असतेच.

एकाहत्तर साली लंडनला असलेल्या त्यांच्या मुलानं त्यांना युरोपच्या बससहलीला धाडलं, आणि सोबतीला मला. पॅरिस, रोम, व्हिएन्ना. वर बघून बघून माझी मान अवघडली. काकू मात्र राजवाडा आला की आधी पिशवीत हात घालायच्या आणि घरच्या गुळाचा खडा दारावरच्या पहारेकऱ्यापुढे धरायच्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "काकू, इथं आता कुणी राहत नाही हो!"

"दारात मानूस उभा हाय की. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

पॅरिसच्या पहारेकऱ्यानं मान फिरवली, रोमचा नुसता हसला. व्हिएन्नाला दारावर पांढऱ्या मिशांचा म्हातारा होता. त्यानं रुमालात बांधलेला गूळ निमूट ठेवून घेतला.

आतले सोनेरी दिवाणखाने, छतावरची चित्रं, सगळं बघून मी दिपून बाहेर आलो. म्हातारा खुर्चीवरून उठला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं काकूंचा रुमाल परत केला, तसाच गाठ मारून. आत एक सफरचंद होतं.

ही रीत त्याला कुणी सांगितली?

काकूंनी सफरचंद पदराला पुसलं.

"बघ, घरात मानूस हाय."