बिनवासाचे थेंब

नवागामच्या आमच्या गल्लीत कावीळ पसरली, तेव्हा दवाखान्यातून एक आरोग्यसेविका बेन रोज घरोघर यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आल्या आल्या माठावर वाकून क्लोरीनचा वास घ्यायच्या, आणि वास आला की मान हलवून निघायच्या. बोलतानाही पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत असायच्या.

क्लोरीनने चहा बिघडतो म्हणून लोक कुरकुरू लागले, तेव्हा त्याऐवजी चांदी आणि पेरॉक्साईडचे थेंब आले. त्यांना वास नव्हता. गल्ली खूश झाली, बेन मात्र जास्तच अस्वस्थ झाल्या.

"सगळे म्हणतात टाकलं. पण वासच नाही, तर मला खबर कशी पडणार?"

मग त्या घरोघरी प्यायला पाणी मागू लागल्या. शेजारच्या आजींनी पेला भरून दिला, तेव्हा मी तिथेच होते. बेननी तो ओठांजवळ नेला, तशी आजींनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब बेटी, पेऊ नको. औषध टाकेल नई शे."

बेननी पाणी मोरीत ओतलं आणि माठात थेंब टाकले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आणि औषध न टाकताही कुणी थांबवलंच नाही तर?"

"असेल तसंही एखादं घर," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या दारात जाऊन त्यांनी पाणी मागितलं.