पाटावरचा टॅब

टॅब त्यांनी माझ्या हातातून घेतला नाही. "खाली ठेव, पाटावर," म्हणाल्या. मी ठेवला. वहिनींच्या एका हातात पंचपात्र होतं. त्यांनी तुळशीचं पान पाण्यात बुडवलं आणि टॅबवर शिंपडलं. काचेवर थेंब पडले. मग पदराच्या टोकात धरून त्यांनी तो उचलला आणि आत नेला. मी उंबऱ्याच्या बाहेर, फरशीवर बसलेली.

आत जाता जाता वळल्या. "राग नको मानू हं. आज सोवळं आहे. एरवी आपल्याकडे असं काही नसतं, तुला तर माहीतच आहे."

मला माहीत होतं. मदन महल भागातल्या याच घरात मी वहिनींच्या सासूबाईंची, म्हणजे आजींची शेवटची दोन वर्षं काढली होती. त्यांना अंघोळ घालणं, पाठीची जखम धुणं, गू-मूत काढणं, भरवणं. सगळं याच हातांनी. त्या दिवशी त्याच आजींचं वर्षश्राद्ध होतं.

आम्ही रांझीचे, शहराच्या दुसऱ्या टोकाचे. आजा नागपूरकडून आला, बाप फॅक्टरीत मजूर होता. आम्ही बौद्ध. आजींनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. नंतर काही दिवस त्यांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. वहिनी ऑफिसातून येईपर्यंत तशाच पडून राहायच्या, ओठ सुकलेले. एका दुपारी भूक अनावर झाली आणि त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी वरणभात भरवला. त्यानंतर मी 'बेटा' झाले.

"बेटा, टॅब लाव." दुपारचं जेवण झालं की हेच. पुण्याच्या लेकीने त्यांना टॅब घेऊन दिला होता. आजींची बोटं थरथरायची, काचेवर नीट टेकायची नाहीत. मग माझं बोट. मी कीर्तन लावून द्यायचे, त्या ऐकत झोपायच्या. लेकीला पाठवायला मी त्यांचे व्हिडिओ पण काढायचे. आजी जेवताना. आजी वेणी घालून घेताना. आजी माझ्यावर चिडलेल्या. त्या व्हिडिओंमध्ये माझा चेहरा कुठेच नाही, पण चमचा धरलेला हात आहे आणि आवाज आहे.

मी त्याला माया समजले. वेडी होते.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "आईंचं वर्षश्राद्ध आहे रविवारी. तुला यायचंच आहे," त्या म्हणाल्या. शिवाय आजींचे यजमान, म्हणजे आजोबा, आता पलंगाला खिळले होते. सोमवारपासून त्यांच्याकडे तुलाच ठेवायचंय, असंही म्हणाल्या. माझ्या हाताला बरेच महिने काम नव्हतं. फोन ठेवला तेव्हा मी हवेत होते.

नवरा म्हणाला, "काहून बोलावून राहिले ते तर पाहून घे."

मला त्याचा राग आला. मी पहाटे डोक्यावरून अंघोळ केली. भाचीच्या लग्नातली साडी नेसले. त्याने मोटारसायकलवर मदन महलला सोडलं आणि तो तसाच परत गेला.

आत दादा, म्हणजे आजींचा मुलगा, सोवळं नेसून पाटावर बसले होते. समोर दर्भ, तीळ, पाण्याचा तांब्या आणि तांब्याला टेकवून ठेवलेला टॅब. त्यांचे गुरुजी आता नागपूरला राहायला गेलेले. इथल्या हिंदी पंडितजींची पद्धत दादांना चालत नाही, आपल्याच पद्धतीने व्हायला पाहिजे. म्हणून गुरुजींनी अख्ख्या विधीचा व्हिडिओ करून पाठवला होता. तो अडकत होता. गुरुजींचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज पुढे निघून जायचा. आवाज म्हणायचा "अपसव्य करा", चित्रातले गुरुजी अजून मागचंच पाणी सोडत असायचे. दादा जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर करून कातावले होते.

मला बघून म्हणाले, "अच्छा, आलीस. हे बघ जरा. आईचा टॅब तुलाच समजतो."

म्हणजे त्यासाठी बोलावलं होतं.

मी चपला काढून आत पाऊल टाकायला गेले. वहिनींनी दारात हात आडवा धरला. "तू इथेच थांब, मी आणून देते." त्यांनी एक पाट उंबऱ्याबाहेर ठेवला, पाटावर टॅब ठेवला आणि मागे सरकल्या. मी उचलला.

टॅब गच्च भरला होता. जागाच नव्हती, म्हणून व्हिडिओ धापा टाकत होता. कशाने भरला ते उघडून पाहिलं. आजींनी. सगळ्या आजीच.

"दादा, यात आजींचे व्हिडिओ आहेत. ते काढले तर गुरुजींचा व्हिडिओ नीट चालेल. आधी दुसरीकडे घेऊन ठेवता का?"

"आता कुठे वेळ आहे? काढून टाक. चलो, जल्दी कर."

"सगळे?"

"हो गं, सगळे."

मी काढले. छोट्या छोट्या चौकोनांत आजींचं उघडं तोंड आणि माझा हात, आजींचं तोंड आणि माझा हात. माझ्याच बोटाने. काढलेलं टॅबच्या कचऱ्यात जाऊन पडतं, तिथूनही काढलं, नाहीतर जागा होत नाही. टॅब बंद करून पुन्हा चालू केला. गुरुजींचं तोंड आणि आवाज जुळले. रडू आलं, पण मी ते त्यांना दिसू दिलं नाही.

मग तो पाट. मग ते पाणी.

खरं सांगते, मी तेही गिळलं. सोवळं म्हणजे सोवळं, आपण कशाला मनाला लावून घ्यायचं, असं स्वतःला समजावलं. सोमवारचं काम डोळ्यांसमोर होतं.

तेवढ्यात विजय नगरहून दादांची चुलतबहीण आली. स्कूटरवरून. हेल्मेट काढलं, सँडल काढल्या, माझ्या शेजारून सरळ आत गेली. "अरे वा, सुरू झाला का व्हिडिओ?" म्हणत तिने टॅब उचलला, नीट दिसेल असा फिरवून ठेवला. कोणी पाणी शिंपडलं नाही. तुळशीचं पान पंचपात्रात तसंच तरंगत होतं.

अंघोळ मीही केली होती. डोक्यावरून.

थोड्या वेळाने आतून हाक आली. "अगं, बघ ना, पुन्हा अडकला." वहिनी टॅब घेऊन आल्या आणि त्याच पाटावर ठेवला. कडेच्या खाचेत थेंब अजून वाळला नव्हता. मी हात मांडीवर ठेवले.

"नाही करत," मी म्हणाले.

"काय?"

"मी हात लावला का तुम्हाले पुन्हा पाणी शिंपडा लागते. काहून तरास घेता?"

"राग आला का तुला? घरच्यासारखं मानतो गं आम्ही तुला."

"आजीचं गू-मूत काढत होती मी, तेव्हा कोणावर पाणी शिंपडलं होतं, वहिनी? तेव्हा तर तुम्हीच उंबऱ्याबाहेर राहत होत्या. नाकाले पदर लावून."

आतून दादांचा आवाज आला. "बाहर क्या चल रहा है? जाऊ दे तिला. फोनवर लाव."

त्यांनी फोनवर लावलं. गुरुजी नखाएवढे दिसत असतील, पण श्राद्ध झालं. कावळ्याला पान गेलं, गाईला गेलं. माझ्या नाही म्हणण्याने काहीच थांबलं नाही. मी चपला घातल्या आणि रस्त्यापर्यंत चालत आले. घरी नवरा म्हणाला, "सांगितलं होतं." तेवढंच.

आजोबांच्या कामावर आता माझी जाऊ जाते. तिने मला आधी विचारलं होतं, काम धरू का म्हणून. तिलाही लेकरं आहेत, मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? परवा सांगत होती, आजोबा तिच्या हातचं खात नाहीत.

"खातील," मी म्हणाले. "भूक लागली की खातील. पण त्याला माया समजू नको."

आता नवीन घरी कामाचं विचारायला गेले की मी दारातच उभी राहते. आडनाव मीच आधी सांगते. मग विचारते, तुमच्या पूजेच्या दिवशी मी आत येऊ शकते का? माझ्या हातून वस्तू हातात घ्याल का? कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. लोक एकमेकांकडे बघतात आणि गप्प बसतात. काम मिळत नाही. घरात चूल कशी पेटते ते माझं मला माहीत.

तरी विचारते. ते गप्प बसले की मी चपला घालते.