हसण्यापुरतं इंग्रजी

आई आमच्या गावी, पिशोरात, लोकांच्या वावरात अद्रक काढायची. बोटांना भेगा आणि भेगांत अद्रकीचा रस. भाकरी थापताना हात झोंबायचे, पण बोलायची नाही. आमच्या बौद्धवाड्यात बी.एस्सी. झालेली मी पहिली. शाळेत इंग्रजीसुद्धा मास्तर मराठीतूनच शिकवायचे. तेवढ्या इंग्रजीवर मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागले.

तिथं एक रीत होती. शिफ्टचे रिपोर्ट इंग्रजीत लिहायचे. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजर साहेब ते मोठ्यानं वाचायचे. ज्याच्या चुका जास्त, त्यानं सगळ्यांना चहा द्यायचा. गंमत म्हणून.

गंमत नेमकी माझ्यावरच यायची. ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं, चहा. ‘रिटर्न बॅक’ लिहिलं, चहा. मी ट्रे घेऊन टेबलाभोवती फिरायची. साहेब कप उचलताना विचारायचे, घरी कोणी इंग्रजी बोलत नाही वाटतं? सगळे हसायचे. मीही हसायची. हे लिहिताना लाज वाटते, पण हसायची.

पत्रा दाबायच्या चार नंबरच्या प्रेसवर रफिकचाचा होते. खुलताबादहून यायचे. एका शनिवारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

“बेटी, बटन दाबल्याबिगर प्रेस खाली येतंय. तू लिख के दे. मेरी कोई सुनता नइ.”

मी लिहिलं. प्रेस नंबर फोर इज कमिंग डाउन ऑटोमॅटिक सिन्स टू डेज. ऑपरेटर हँड इज इन डेंजर.

सोमवारी साहेबांनी ते वाचलं. थांबून थांबून, चव घेत.

“मॅडम, प्रेस आत्ता खाली यायला लागली. तुमचं इंग्रजी तर केव्हाचंच खाली आलंय.”

हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा दिला. रिपोर्ट फाइलला लागला. प्रेसकडं कुणी गेलं नाही. मीही गेले नाही.

गुरुवारी रफिकचाचांची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कागद तयार होता. स्वच्छ इंग्रजी, एक चूक नाही. त्याचा अर्थ असा, की माझ्या सदोष इंग्रजीमुळं बिघाडाची माहिती व्यवस्थापनाला समजली नाही. खाली माझं नाव. सहीपुरती जागा.

साहेब त्या दिवशी लई मऊ बोलत होते. नोकरीला काही होणार नाही म्हणाले. इंग्रजीचा क्लासही कंपनी लावून देईल म्हणाले. मी पेन हातात घेतलं होतं. खरं सांगते, घेतलं होतं. इतके महिने ऐकून ऐकून माझाही विश्वास बसला होता की चूक माझीच असणार. मग डोळ्यांसमोर ती मीटिंग आली.

“सर, सोमवारी तुम्ही कशावर हसला होता?”

साहेबांनी कागद माझ्याकडं आणखी सरकवला.

“न समजलेल्या वाक्यावर कुणी हसत नाही, सर. तुम्हाला समजलं होतं.”

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

“नाय सर. मी मराठीत बोलतेय.”

पेन खाली ठेवलं. बाहेर येऊन कोरा कागद घेतला आणि मराठीत लिहायला बसले. प्रेस कधी बिघडली, मला कुणी सांगितलं, मी काय लिहिलं, ते कुणी वाचलं, कोण कोण हसलं. सगळ्यांत शेवटी हेही लिहिलं, की मला माहीत असून मी प्रेस बंद करायला गेले नाही. ती एक ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग तो कागद शॉपमध्ये, मशीनवरच्या कामगारांना वाचून दाखवला. अकरा जणांनी सह्या केल्या, कुणी मराठीत, कुणी उर्दूत. तो कागद कारखान्यांच्या सरकारी निरीक्षकांच्या ऑफिसात मी स्वतः नेऊन दिला, पोच घेतली.

मला स्टोअरला टाकलं. सहा महिने खिळे मोजले. घरी सांगितलं तर आई एवढंच म्हणाली, “मोज. पण मान वर ठिवून मोज.”

निरीक्षक आले. त्यांनी तो मराठी कागद टेबलावर ठेवून साहेबांना एकेक ओळ विचारली. रफिकचाचांची बोटं परत आली नाहीत. येणार नव्हती. पण कंपनीनं केलेल्या अपघाताच्या नोंदीत आधी ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ होता. तो खोडून ‘मशीनचा दोष, पूर्वसूचना मिळालेली’ असं लिहावं लागलं.

माझं इंग्रजी आजही चुकतं. मी सुधारतेय, माझ्यासाठी, माझ्या वेगानं. पण माझं वाक्य चुकलं म्हणून माझं म्हणणं चुकलं, हे मी यापुढं कुणाचंच ऐकून घेणार नाही.

आमच्या कारखान्यात आता बिघाडाची नोंद मराठी, हिंदी, उर्दू, येईल त्या भाषेत घेतात, आणि नोंद झाली की मशीन आधी बंद होतं. तसा लेखी आदेश आहे. तो मी निरीक्षकांच्या मागं लागून काढायला लावला.