ब्लिया आजीचं बी

ब्लिया आजीचं वय चौऱ्याहत्तर, पण जीभ अजून विशीतली. आमच्या डोंगरावर तिच्या हेम्पचं, म्हणजे कापडाच्या धाग्यासाठी लावतात त्या भांगेचं, नाव आहे. ताट सोलायला घेतलं की साल बुडापासून शेंड्यापर्यंत अखंड निघते. हे बी तिला लग्नात आईनं दिलं, आणि तिनं ते लेकीला, न्हियाला दिलं. न्हिया पलीकडच्या डोंगरावर नांदते. गेल्या हिवाळ्यात उंदरांनी तिचं बियांचं मडकं साफ केलं.

पूर्वी आजीनं फडक्यात दोन मुठी बी बांधून पाठवलं असतं. आता नियम आला. परवाना असलेल्यानं बी घ्यायचं ते देशातल्याच परवानाधारकाकडून, आणि तेही तपासणीचा दाखला पाहून. आजी पिकवायची गावाच्या परवान्यावर, त्यावर बी दुसऱ्याला देता येत नव्हतं.

"सरकारी बियाणं केंद्राचं बी घेऊ दे की न्हियाला," मी म्हणालो, तर आजी माझ्यावरच उखडली.

"त्याची साल वीतभर निघते नि तुटते! असल्या जोडाजोडीच्या कपड्यांत मी पूर्वजांकडे जाऊ? सासू दारातच उभी करेल मला."

आमच्यात माणसाची पाठवणी हेम्पच्या कपड्यांतच होते, आणि आजीला ते न्हियाच्या हातचे, आपल्याच बियांचे हवे होते.

मग तिनं स्वतःच परवान्याचा अर्ज केला. गावातले अर्ज मी लिहितो, त्यामुळे सगळी कटकट माझ्या गळ्यात. फोटोला ती चांदीचा हार घालून बसली. केंद्रानं बी रुजवून रोपं तपासली. नशा जवळजवळ नाहीच, असा दाखला आला.

"म्हणजे माझ्या नवऱ्यापेक्षा बरं," आजी म्हणाली.

पेरणी आठ दिवसांवर आली तेव्हा केंद्राचे प्रासित साहेब आजीचा परवाना आणि बी द्यायचा कागद घेऊन आले; न्हियाही बी न्यायला आली होती. न्हियानं हात पुढे केला. आजीनं पुरचुंडी मागे ओढली.

"आधी परवाना दाखव."

"अगं आई, मी तुझी लेक आहे!"

"मला माहीत आहे. कागदाला कुठे माहीत आहे?"

न्हियानं चरफडत परवाना काढला. आजीनं तो उलटासुलटा करून पाहिला. तिला वाचता येत नाही.

"बी कशासाठी, ते खरं लिहा," साहेब म्हणाले. "खोटं निघालं तर दोघींचे परवाने जातील."

"लिही, माझे शेवटचे कपडे," आजीनं मला सांगितलं.

न्हियाचा चेहरा उतरला. तिनं माझ्या हातातलं पेन हिसकावून स्वतःच लिहिलं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "पाकूच्या लग्नाचा घागरा. आजीनं स्वतः विणायचा."

पाकू न्हियाची मुलगी, वय वर्षं अकरा.

"खोडा ते!" आजी ओरडली.

"खाडाखोड चालत नाही, आजी."

 आजीनं पुरचुंडी न्हियाच्या ओटीत घातली. मला इतका आनंद झाला की मी सहीची जागा चुकीची दाखवली.

"साहेब, हा माझा परवाना किती वर्षांचा?"

"एका."

"एकाच? घागऱ्याला दहा तरी लागतील," आजी म्हणाली. "दरवर्षी या मग. जेवायलाच या."