चावरं भात

चंदनसारला आमच्या इमारतीमागे दोनच भातशेतं उरलीत. त्यातल्या एकाचे मालक मला रोज सकाळी फिरताना दिसतात. नाव कधी विचारलं नाही. बांधावर उभे राहून ते आधी शेजाऱ्याचं भात न्याहाळतात, मग आपलं.

गेल्या वर्षी शेजाऱ्याहून हिरवं दिसावं म्हणून त्यांनी युरिया ओतला. भात एवढं गर्द झालं, की सोसायटीतले लोक तिथे फोटो काढायचे आणि हे मुद्दाम मागे उभे राहायचे. मग करपा रोग आला, पानं जळल्यासारखी झाली.

"खाल्लं भातान, पन गोड लागलं रोगाला," ते म्हणाले.

यंदा युरिया कमी, पोटॅश आणि तुसाची राख जास्त. शेत फिकट दिसतं, फोटो कुणी काढत नाही. ते मात्र रोज एक पात बोटावरून ओढून बघतात. परवा ओरडले, "ताई, बघा, चावतंय!" बोटाला बारीक रक्त होतं. राखेनं पात राठ झाली होती, आता रोग सहज शिरणार नव्हता.

मग हळूच शेजाऱ्याच्या गर्द भाताची पात ओढली. बोटाला काहीच झालं नाही.

"सांगतो त्याला," ते पुटपुटले. "पन आधी दोन दिस मिरवून घेतो."

त्याच संध्याकाळी बघते तर डोक्यावर राखेची गोणी घेऊन ते शेजाऱ्याच्या दारात उभे. गोणी उतरवायच्या आधी त्यांनी कापलेलं बोट पुढे केलं होतं.