चुकला त्याला आधी गूळ

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी शाळेत वर्गावर शिकवत होते. "आई उठून नाही राहिल्या वं, लवकर ये." नंदनवन वस्तीतल्या घरी पोचले तोवर माझ्या सासूबाई गेलेल्या होत्या... त्यांच्या डोक्यामागचं सकाळचं टेंगूळ मात्र तसंच होतं. ते पाहून मी नजर फिरवली.

सासूबाईंना मी आईच म्हणायचे. त्या उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. मागावर धागा तुटला की त्यांचे वडील आधी एवढ्यावरच निभावलं म्हणून देवाला हात जोडायचे आणि मग ज्याच्या हातून तुटला त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचे. का, तर "घाबरलेला हात आनखी धागे तोडते." माग केव्हाच गेला, पण आईंनी गूळ सोडला नाही. दूध उतू गेलं, कुकरची शिट्टी उडाली, की एक खडा देवापुढे आणि एक चुकणाऱ्याला. मला याचा भारी वैताग यायचा. एकदा इतवारीच्या बाजारातून लोणच्याची नवी बरणी आणताना रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि बरणीचे तुकडे झाले. आईंनी देवाला हात जोडले आणि पिशवीतून पुडी काढून त्या कावऱ्याबावऱ्या माणसाच्याच हातावर गूळ ठेवला. मी फणकारले, "आभार कशाचे मानता?" त्या म्हणाल्या, "बरणीच गेली ना? पाय तं हायेत. देवाचं ध्यान हाय आपल्यावर."

असल्या देवावर माझा कधी विश्वास बसला नाही. बसला तो एकदाच, सोयीचा होता म्हणून.

आई गेल्या त्या सकाळी केस धुऊन मी घाईत तशीच बाहेर आले, न्हाणीतल्या फरशीवरच्या फेसावर पाणी ओतलं नाही. मागून आत गेलेल्या आई घसरल्या, डोकं आपटलं. मी दवाखान्याचं नाव काढलं तर हसल्या. "एवढ्यावरच निभावलं वं. जाय तू, तुले उशीर होऊन राहिला." आणि माझ्या हातावर गूळ ठेवला. मीही स्वतःला बजावलं, खरंच, एवढ्यावरच निभावलं. गूळ चघळत गाडीला किक मारली.

घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळे म्हणत, म्हातारं माणूस, झोपेतच गेलं, भाग्याचं मरण... तेरवी झाल्यावर मला राहवलं नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं, फरशी, टेंगूळ, माझी घाई. तो उठून स्वयंपाकघरात गेला. आता भांडी आपटेल असं मला वाटलं. तो गूळ घेऊन आला. "घे. आईनं पहिले तुलेच देला असता."

मी घेतला, पण तोंडात घातला नाही. देवापुढच्या वाटीत ठेवला आहे. रोज सकाळी दिवा लावताना त्यावरच्या मुंग्या झटकते, खडा उचलते... आणि परत ठेवते.