लदीन मी सांगायची?

मी दुसरीत शाळा सोडली, म्हणून हे सुनेकडून लिहून घेतोय. ती मधेच माझं बोलणं सुधारते आणि मी ते परत होतं तसं करायला लावतो. पण यात खोटं एक अक्षर नाही.

आमच्या वाडीतून समुद्राकडे उतरताना वाटेवर एक खुरीस म्हणजे क्रूस आहे, चुना मारलेला. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे लदीन होते. एकाने मेरीमायेचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "आमच्यासाठी विनंती कर." नावं घेण्याचं हे काम माझा चुलतभाऊ इनास चाळीस वर्षं करत होता. मी मात्र कायम मागे, माडाच्या बुंध्याला टेकून उभा. त्याला कारण होतं. तरुणपणी मी दारू पिऊन त्याच खुरसासमोर पेटत्या मेणबत्त्यांवर पडलो होतो. आईने सगळ्यांदेखत मला दंडाला धरून घरी नेलं. दारू पुढे सुटली, पण वाडीतली माणसं विसरली नाहीत आणि मीही विसरलो नाही.

दुसरंही एक होतं. खुरसाजवळच्या दगडी गडग्यापलीकडच्या घरात शेवंती वहिनी राहतात. त्या हिंदू, पण मुलगा तापातून उठला तेव्हापासून दर शुक्रवारी आमच्या खुरसाला अबोलीचा वळेसर घालायच्या. एकदा हद्दीवरच्या फणसावरून आमचं वाजलं आणि मी रागात बोलून गेलो, "तुमचे देव कमी पडले काय? आमच्या खुरसाक हात लावू नकात." त्या दिवसापासून त्या आल्या नाहीत, आमचं बोलणंही बंद झालं. मी चुकलो हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पण माघार घेणं माझ्या हाडात नाही. बारा वर्षं गेली अशीच.

मग इनास अंथरुणाला खिळला. मला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "ह्या वर्साची लदीन तू सांग."

"मी? खंयच्या तोंडान सांगू रे?"

"ह्याच तोंडान. दुसरा तोंड खंय आसा तुका?"

मी म्हटलं, मला वाचता येत नाही. मी कसा माणूस, ते तुला ठाऊक आहे. तो खोकत खोकत हसला. "सगळा म्हायत आसा माका. पोरां मोबाईलात बघून म्हणतली. तुझो आवाज पोचता. फादराक सांगून ठेवलंय." चार दिवसांनी तो गेला. जिवंत असता तर मी भांडून नाही म्हटलं असतं. मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार?

म्हणून हट्टाला पेटलो. नावं पन्नासाच्या आसपास. उत्तरात साथ देऊन देऊन ती ओळखीची वाटतात, पण क्रमाने आपण घ्यायची वेळ आली की कळतं. सून पुस्तकातून वाचायची आणि मी जाळं शिवत शिवत तिच्यामागून म्हणायचो. महिनाभरात सगळी पाठ झाली. देवाकडे एकच मागत होतो : माझी फजिती होऊ देऊ नकोस, बाकी काही नको.

पहिल्या संध्याकाळी सगळी वाडी जमली होती, काही माणसं तर मी कुठे अडकतो ते बघायलाच आलेली. मी सुरुवात केली. आवाज बरा लागला. "स्वर्गाच्या दारा" झालं, "पहाटेच्या ताऱ्या" झालं, "आजाऱ्यांच्या आरोग्या" झालं आणि पुढे काळोख. काहीच नाही. मागे कोणीतरी खाकरलं. दोघं-तिघं मोबाईल चाचपू लागले. कानात फक्त लाटा. माझ्या मनात एकच आलं, की आता पाठ फिरवायची, घर गाठायचं आणि परत या वाटेला यायचं नाही. खरं सांगतो, माझा पाय उचलला होता.

तेव्हा गडग्यापलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, "पाप्यांच्या आसऱ्या."

आवाज मी ओळखला. सगळ्यांनीच ओळखला. सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा मीच एकट्याने म्हटलं, "आमच्यासाठी विनंती कर." मग सगळे म्हणाले. पुढची नावं कशी आली, ते मला सांगता यायचं नाही. मी आठवत नव्हतो, ती येत होती.

नंतर उकडलेले चणे वाटले. मी एक द्रोण घेऊन गडग्याजवळ गेलो. शेवंती वहिनी आपल्या घरापुढच्या खळ्यात उभ्या होत्या.

"वयनी, तुमका कसा म्हायत?"

"चाळीस वर्सां माझ्या खळ्यासमोर आरडतास. पाठ झाला नाय तर नवलच. आणि भावोजीनू, इनास सावकाश म्हणायचे. तुमी म्हस पाठी लागल्यासारखे धावतास."

"त्या फणसाच्या वेळाक मी वाईट बोललंय," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड वाक्य.

"बोललास खरे," त्या म्हणाल्या. मग हात पुढे केला. "चणे द्या हय. मीठ घातलास मां ह्या वर्सा?"

हा चमत्कार की काय, ते फादरांना विचारा. मला एवढंच कळतं की मी मागितलं होतं ते देवाने दिलं नाही. फजिती झाली, आणि सगळ्यांसमोर झाली. सगळी नावं न चुकता म्हटली असती, तर मी छाती काढून घरी गेलो असतो आणि त्या बाईशी मरेपर्यंत बोललो नसतो. बरोबर त्याच नावावर मी का अडलो, याचा विचार करून थकलो. आता करत नाही. आभार मानतो.

तेव्हापासून दर मे महिन्यात लदीन मीच सांगतो. यंदा घसा बसतो म्हणून मुलगे सांगतात, पुरे आता, दुसऱ्याला द्या. मी देणार नाही. आवाज आहे तोवर लदीन मीच सांगणार. लायक झालो का? नाही झालो. संध्याकाळी काठी घेऊन निघताना मी मेरीमायेला सांगतो, "आय, जसो आसंय तसो येतंय. अडलंय तर कोणाक तरी बोलूक लाव."